बक्षीस-समारंभ : त्याचा उगम व त्याचा खरा हेतु

परीक्षा संपून निकाल लागले आणि शाळेच्या पटांगणांत मांडव उभा राहिला, म्हणजे आमच्या धर्मग्रामांत एक निराळाच उत्साह दिसूं लागतो. तें दृश्य वाचकांस नवें नाहीं. व्यासपीठावर पांढऱ्या चादरीनें झांकलेलें टेबल, त्यावर ओळीनें रचलेलीं बक्षिसें, शेजारीं फुलांचे हार, मध्यभागीं प्रमुख पाहुणे व पूज्य फादर, आणि समोर आपापल्या मुलांचीं नांवें ऐकण्यासाठीं कान टवकारून बसलेले आईबाप! नांव पुकारलें जातें. कोणी मुलगा धीटपणें, तर कोणी मुलगी लाजत लाजत पुढें येते. टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि मागच्या रांगेंत बसलेल्या एखाद्या आजीचे डोळे पाण्यानें भरून येतात. वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांत शाळा व घर हीं दोन्ही एकमेकांच्या इतकीं जवळ येतात असा हा एकच दिवस असेल.

ज्युबिलीच्या ह्या शुभ वर्षीं आमच्या हायस्कुलासाठीं एक कायमचा बक्षीस-निधि उभारावा असें धर्मग्रामस्थांनीं ठरविलें असून, त्यास यथाशक्ति हातभार लागत आहे. परंतु त्या निधीच्या व्याजांतून बक्षीस कोणास द्यावें ह्याविषयीं मात्र आमच्यांत दोन मतें पडलीं आहेत. कित्येकांचें म्हणणें असें कीं, शालान्त परीक्षेंत जो पहिला आला त्यासच तें द्यावें, म्हणजे कोणास बोलावयास जागा राहणार नाहीं. दुसरे म्हणतात, पहिल्या आलेल्याची पाठ सारें जग थोपटतेंच. धर्मग्रामानें जें द्यावयाचें तें आणखी कांहीं पाहून द्यावें. हा वाद मिटविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण स्मरणिकेसाठीं शाळेविषयीं चार शब्द लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्हांस वाटलें कीं, ह्या समारंभाचा पूर्वेतिहासच वाचकांपुढें ठेवावा. कारण ही चाल आमच्या शाळांत आपोआप उगवलेली नाहीं. तिला जन्म देणारे लोक होते, त्यांनीं तिचे नियम बांधले होते, आणि त्या नियमांत आजच्या आमच्या वादाचें उत्तर पुष्कळ अंशीं सांपडतें.

बक्षीस देण्याची कल्पना शाळेहूनहि जुनी आहे. ग्रीक लोकांच्या सार्वजनिक खेळांत जिंकणाऱ्याच्या डोकीवर पानांचा मुगुट ठेवीत. करिंथ शहराजवळ असे खेळ नियमानें भरत. संत पौलानें तेथील ख्रिस्ती जनांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत ह्याच खेळांचा दाखला घेतला आहे. शर्यतींत धांवणारे पुष्कळ आणि मुगुट एकालाच. शिवाय तोहि सुकून जाणारा. आपण ज्यासाठीं धांवतों तो मुगुट कधींच सुकत नाहीं, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. बक्षिसाची शोभा व बक्षिसाचा उणेपणा हीं दोन्ही त्या थोर प्रेषितानें एकाच दाखल्यांत दाखविलीं.

तथापि शाळेंतील विद्यार्थ्यांची स्पर्धा-परीक्षा घ्यावी, तिच्यांत यशस्वी झालेल्यांस वर्षांतून एकदां भरसभेंत गौरवावें, ही रीत नियमबद्ध करून देशोदेशीं पोंचविण्याचें श्रेय मुख्यतः येशूसंघास द्यावें लागतें. संत इग्नेशियस लोयोला ह्यांनीं स्थापिलेल्या ह्या संघास १५४० सालीं पोप तिसरे पॉल ह्यांची मान्यता मिळाली. आणि १५४८ सालीं सिसिली बेटांतील मेसिना शहरीं संघानें बाहेरच्या विद्यार्थ्यांकरितां कॉलेज उघडलें. त्या काळच्या कॉलेजांत आजच्या हायस्कुलांतील वयाचे मुलगेहि मोठ्या संख्येनें शिकत असत. पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, फादर क्लॉडियस आक्वाविवा हे संघाचे मुख्याधिकारी असतां, १५९९ सालीं 'रेशियो स्टुडिओरुम' ह्या नांवाचा शिक्षणपद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रांताधिकाऱ्यापासून वर्गशिक्षकापर्यंत प्रत्येकाचीं कर्तव्यें त्यांत सांगितलीं आहेत, आणि त्यांतच 'बक्षिसांचे नियम' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे.

हे नियम आज वाचले म्हणजे त्या लोकांच्या बारीक नजरेचें कौतुक वाटतें. सर्वांत वरच्या, म्हणजे वक्तृत्वशास्त्राच्या, वर्गास आठ बक्षिसें : लॅटिन गद्यास दोन, लॅटिन पद्यास दोन, ग्रीक गद्यास दोन व ग्रीक पद्यास दोन. त्याच्या खालच्या वर्गांस सहा, आणि त्याहून खालच्यांस चार. शिवाय प्रत्येक वर्गांत ज्यांनीं ख्रिस्ती सिद्धांताचें शिक्षण उत्तम आत्मसात केलें असेल अशा एका-दोघांस निराळें बक्षीस. विद्यार्थ्यानें आपल्या निबंधावर नांव घालावयाचें नाहीं, केवळ एक खूण करावयाची. आणि तीच खूण दुसऱ्या कागदावर करून, तेथें आपलें नांव लिहून, तें कोणास दिसणार नाहीं असा तो कागद बंद करून द्यावयाचा. परीक्षक तीन, विद्वान व वजनदार. निबंध कोणाचा हें त्यांस ठाऊक असतां कामा नये. आणि निर्णय बहुमतानें व्हावयाचा. मग ठरलेल्या दिवशीं, जितक्या थाटानें व जितक्या मोठ्या लोकसमुदायापुढें करतां येईल तितक्या थाटानें, विजयी मुलांचीं नांवें जाहीर व्हावयाचीं व प्रत्येकानें सभेच्या मध्यें येऊन आपलें बक्षीस घ्यावयाचें. त्यानंतर जे विजयी मुलांच्या अगदीं जवळ येऊन पोंचले होते त्यांचींहि नांवें वाचावयाचीं. आणि त्यांसहि कांहीं भेट द्यावयास हरकत नाहीं. ह्या सर्वांचा खर्च कोणा उदार गृहस्थानें सोसावा, व बक्षिसें देतांना त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख करावा, असेंहि त्या ग्रंथांत सांगितलें आहे.

वाचकहो, ह्या नियमांत तीन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, बक्षीस देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असावी. सरदाराचा मुलगा व चांभाराचा मुलगा ह्यांचे निबंध परीक्षकापुढें एकाच रूपानें जावे, हा त्या खुणेच्या कागदाचा हेतु होता. आज शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं बैठक-क्रमांक घालतात, त्याच्या मुळाशीं हीच न्यायबुद्धि आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, भाषा-काव्याच्या बक्षिसांच्या पंक्तीला धर्मशिक्षणाचें बक्षीस बसविलेलें होतें. तें मागाहून आठवण झाली म्हणून दिलेलें नव्हतें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत हृदयंगम : जो जिंकला नाहीं पण जवळ आला, त्याचेंहि नांव सभेंत घ्यावयाचें!

ह्या तिसऱ्या गोष्टीस फ्रान्स देशांत पुढें एक स्वतंत्र नांवच मिळालें. बक्षिसाच्या खालोखालच्या विद्यार्थ्यांस तेथें 'आक्सेसित' देत. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'तो जवळ आला' इतकाच आहे. नोत्र दाम कॅथीड्रलचे एक कॅनन लझांद्र ह्यांनीं मृत्युपत्रानें ठेविलेल्या रकमेंतून पॅरिस येथील कॉलेजांची एक मोठी सामायिक स्पर्धा निघाली व १७४७ सालीं तिचीं पहिलीं बक्षिसें वांटलीं गेलीं. ती स्पर्धा अजूनहि चालू आहे. १८१८ सालीं ह्या स्पर्धेंत पदार्थविज्ञानाच्या विषयांत पांचवें आक्सेसित एका मुलास मिळालें. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला ग्रंथकार व्हिक्टर ह्यूगो होय. त्याची खरी शक्ति कोठें होती हें त्या दिवसाच्या यादीवरून कोणास कळलें असतें काय? जवळ आलेल्याचें नांव वाचणें म्हणजे, तुझी धांव आम्हीं पाहिली आहे, असें त्यास सांगणें होय.

परंतु सत्याला धरून बोलावयाचें तर ह्या पद्धतीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पॅरिस येथील लुई-ल-ग्रां हें येशूसंघाचें कॉलेज त्या काळीं फार नांवाजलेलें होतें. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथें नाटक होई व त्याच प्रसंगीं बक्षिसें वांटलीं जात. १७१० सालीं तेथें एका तरतरीत मुलानें बक्षिसें पटकाविलीं. पुढें व्होल्तेर ह्या नांवानें त्यानें लेखनांत अपार कीर्ति मिळविली आणि आपल्या बुद्धीची सारी धार ख्रिस्तसभेविरुद्ध चालविली. आपल्या जुन्या शिक्षकांविषयीं, विशेषतः फादर पोरे ह्यांच्याविषयीं, त्याच्या मनांत अखेरपर्यंत आदर होता, हें खरें. पण ह्या उदाहरणावरून इतकें तरी उघड होतें कीं, बुद्धीचें बक्षीस बुद्धीचीच साक्ष देतें. त्या बुद्धीचा मालक कोणत्या वाटेनें जाईल ह्याची हमी तें देऊं शकत नाहीं.

त्याच काळांत, त्याच देशांत, दुसऱ्या एका धर्मगुरूनें बक्षिसाचा विचार अगदीं निराळ्या बाजूनें केला. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे १६५१ सालीं राइम्स शहरीं सधन कुळांत जन्मले. तेथील कॅथीड्रलचे ते कॅनन होते. गरिबांच्या मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकांची दैना पाहून त्यांनीं आपलें मानाचें पद सोडलें, दुष्काळांत आपली संपत्ति गोरगरिबांस वांटून टाकली, आणि 'ख्रिस्ती शाळांचे बंधु' हा संघ उभारला. त्यांच्या शाळांत फी नसे. आरंभींचें वाचन लॅटिनमधून न शिकवितां मुलांच्या स्वतःच्या भाषेंतून, म्हणजे फ्रेंचमधून, शिकवीत. मराठींतून शिकलेल्या आमच्यासारख्यांस ह्या महात्म्याविषयीं विशेष आपुलकी वाटावी ह्यांत नवल नाहीं. १७१९ सालीं ते देवाघरीं गेले. १९०० सालीं त्यांस संतपद मिळालें, आणि १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें.

संत ला साल ह्यांनीं आपल्या बंधूंच्या विचारानें शाळा चालविण्याचा जो ग्रंथ तयार केला, तो त्यांच्या मरणानंतर १७२० सालीं छापला गेला. बक्षिसें तीन प्रकारचीं असावीं असें त्यांत सांगितलें आहे : एक धर्मशीलतेचें, दुसरें बुद्धीचें व तिसरें नेमानें शाळेंत येऊन उद्योग करण्याचें. इतक्यावरच तो ग्रंथ थांबत नाहीं. ह्या तिहींत धर्मशीलतेचें बक्षीस नेहमीं सर्वांत सुंदर असावें, आणि नियमित उद्योगाचें बक्षीस बुद्धीच्या बक्षिसाहून चांगलें असावें, असा त्याचा स्पष्ट दंडक आहे. पुस्तकें, चित्रें, क्रूस, जपमाळा अशा वस्तु बक्षीस म्हणून द्याव्या असें तो सांगतो.

हा क्रम क्षणभर मनांत घोळवून पाहावा. बुद्धीचें बक्षीस काढून टाकलेलें नाहीं, तें आहेच. परंतु तें तिसरें आहे. कां बरें? त्या ग्रंथांत मुलांच्या गैरहजेरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यावरून ह्याचें कारण सहज समजतें. गरिबाचें मूल शाळेंत येत नाहीं तें नेहमीं आळसामुळेंच नव्हे. घरीं काम असतें, बापाला मदत हवी असते, धाकटें भावंड सांभाळावयाचें असतें. अशा मुलानें रोज वेळेवर शाळेंत येऊन बसणें, हाच त्याचा पराक्रम. बुद्धि ही देवाची देणगी. ती ज्याला मिळाली त्याच्या पदरीं तीबद्दल स्वतःचें पुण्य थोडें. पण रोजचा उद्योग हें प्रत्येकाचें स्वतःचें कमावलेलें धन आहे. पांच मोहोरा मिळालेल्या दासाचा व दोन मोहोरा मिळालेल्या दासाचा धन्यानें एकसारखाच गौरव केला, हा शुभवर्तमानांतील दाखला संत ला साल ह्यांच्या ह्या क्रमाशीं किती जुळतो पाहा!

ह्याच्याहि पुढें एक पाऊल संत जॉन बॉस्को ह्यांनीं टाकलें. एकोणिसाव्या शतकांत इटलींतील ट्यूरिन शहरीं अनाथ व कामकरी मुलांसाठीं त्यांनीं जी संस्था चालविली, तिचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स हे होत. त्या संताच्या सणाच्या सुमारास उत्तम वर्तणुकीचीं बक्षिसें तेथें देत, आणि तीं कोणास द्यावीं ह्याचा कौल मुलांच्या स्वतःच्या मतांवरून घेत. शिक्षकापुढें शहाण्यासारखें वागणें सोपें; पण रात्रंदिवस बरोबर राहणाऱ्या सोबत्यांस फसविणें कठीण, हें त्या मुलांच्या बापाला पक्कें ठाऊक होतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. पोर्तुगीज अमदानींत आमच्या वसईच्या कोटांत येशूसंघाचें कॉलेज होतें, आणि त्याच्या भिंती आजहि भग्न स्थितींत आम्हीं पाहतों. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली व पोर्तुगीज अंमल संपला, तेव्हां येथील संघांच्या विद्यासंस्थाहि मोडल्या. पुढें १७७३ सालीं पोप चौदावे क्लेमेंट ह्यांनीं खुद्द येशूसंघच विसर्जित केला, आणि १८१४ सालीं पोप सातवे पायस ह्यांनीं तो पुनः स्थापीपर्यंत ती परंपरा बहुतेक ठिकाणीं खंडितच राहिली.

त्या मधल्या काळांत महाराष्ट्रांत विद्येचा गौरव होत नव्हता असें मात्र नाहीं. सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांनीं श्रावणांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल पाडली व पेशव्यांनीं ती पुण्यास मोठ्या प्रमाणावर चालविली. पर्वतीजवळच्या रमण्यांत त्यासाठीं दूरदूरचे ब्राह्मण जमत. पण गर्दी वाढतां वाढतां ती दक्षिणा विद्येची कमी व जातीची अधिक झाली. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत त्या पैशांतून १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. आणि पुढें लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळींच्या खटपटीनें त्या निधीचा कांहीं भाग मराठींत उत्तम ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षीस म्हणून मिळूं लागला. दान तेंच, पैसा तोच. पण तो कोणास द्यावयाचा हा विचार बदलला, आणि त्याबरोबर त्या दानाचें फळहि बदललें.

ह्याच विश्रामबागवाड्यांत १८५२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दुसरा एक समारंभ झाला. मुलींसाठीं व अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं शाळा काढल्याबद्दल सरकारतर्फें मेजर कँडी ह्यांच्या हस्तें जोतीराव फुले ह्यांचा तेथें सत्कार करण्यांत आला. ज्या शिक्षणाबद्दल त्यांस व सावित्रीबाईंस लोकांचे शेणगोळे व शिव्याशाप सोसावे लागले, त्याच शिक्षणाबद्दल ही भरसभेंतील शाल! त्या शाळांतील एका लहान मुलीविषयीं अशी आठवण सांगतात कीं, बक्षीस म्हणून खाऊ पुढें करणाऱ्या साहेबास ती म्हणाली, आम्हांस खाऊ नको, पुस्तकांचें कपाट द्या. आठवण तोंडोतोंडीं आलेली आहे. पण बक्षीस कसलें असावें ह्याचें इतकें नेमकें उत्तर आम्हांस दुसरीकडे कोठें आढळलें नाहीं.

ह्यानंतर पांचच वर्षांनीं, १८५७ सालीं, मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्यांतील यशस्वी विद्यार्थ्यांपैकीं होत. पुनः स्थापन झालेल्या येशूसंघाचे फादर ह्याच सुमारास मुंबई इलाख्यांत कामास लागले होते. वांद्र्यास १८६३ सालीं सेंट स्टॅनिस्लॉस, मुंबईस १८६४ सालीं सेंट मेरीज, पुण्यास १८६७ सालीं सेंट व्हिन्सेंट्स आणि मुंबईस १८६९ सालीं सेंट झेवियर्स अशा संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. तीन शतकांपूर्वींच्या नियमांची परंपरा ह्या शाळांतून पुनः आमच्या किनाऱ्यावर आली. आणि पुढें धर्मग्रामांच्या लहान लहान मराठी शाळांनीं ती आपापल्या ऐपतीप्रमाणें उचलली. लॅटिन पद्याचें बक्षीस गेलें, मराठी निबंधाचें आलें; ग्रीक गेलें, गणित आलें. रूप बदललें, पण मांडव तोच राहिला.

परंतु मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर एक नवी वस्तु आली, ती म्हणजे क्रमांक. साऱ्या इलाख्यांतील मुलें एकाच ओळींत उभीं राहूं लागलीं. त्यांत लाभहि मोठा होता. नाना जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळे. १९१२ सालीं ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्यांनीं मिळविली आणि तेच पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. दात्याचें नांव आणि विद्यार्थ्याचें यश हीं दोन्ही एकमेकांच्या आधारानें अमर झालीं. अशा बक्षिसांस नांवें ठेवण्याचें आमच्या मनांतहि नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, क्रमांकाची ही एकच काठी हातांत घेऊन सर्व मुलें मोजण्याची संवय आम्हांस लागली, आणि जुन्या नियमांतील बाकीच्या काठ्या आम्हीं कोपऱ्यांत टाकून दिल्या.

आमच्याच वाडीकडे पाहा ना! पहांटेच्या गाडीनें मुंबईस फुलें, भाजी व दूध नेऊन ह्या प्रांतांतील कितीएक कुटुंबांनीं आपल्या मुलांची शिक्षणें केलीं. जीं मुलें गजरे बांधून, गुरांना वैरण घालून, भावंडांच्या वेण्या घालून मग शाळेची घंटा गांठीत, त्यांतील किती जणांचीं नांवें व्यासपीठावरून वाचलीं गेलीं? आम्ही स्वतः विद्यार्थी असतां मांडवाच्या कडेला बसून टाळ्या वाजविणाऱ्यांतच होतों. त्याचें दुःख आज नाहीं. पण आमच्या बाकावर एक सोबती बसे. पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें म्हणजे तो दप्तर डोकीवर घेऊन येई, आणि हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें खाडा क्वचितच पडे. त्यास गुण बेताचेच मिळत. शेवटच्या वर्षाच्या समारंभांत त्याची आई पुढल्या रांगेंत येऊन बसली होती. बिचारीस कोणीं तरी सांगितलें होतें कीं, नेमानें शाळेंत येणाऱ्यांसहि बक्षीस असतें. यादी संपली, राष्ट्रगीत झालें, लोक उठले. ती मात्र टेबलावर आणखी कांहीं उरलें आहे काय तें पाहत थोडा वेळ तशीच बसून राहिली. कोणाची चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. तसें बक्षीसच नव्हतें. परंतु संत ला साल ह्यांचा तो क्रम जेव्हां प्रथम आमच्या वाचनांत आला, तेव्हां त्या बाईचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि तेव्हांपासून तो हालला नाहीं.

कोणी म्हणेल कीं, अशानें सामान्य मुलांस फुकटचें बक्षीस मिळून हुशार मुलांचा उत्साह मंदावेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. नेमाचा उद्योग हा फुकट मिळत नाहीं. तो वर्षभर रोज मोजून द्यावा लागतो, व हुशार मुलासहि त्याची गरज कांहीं कमी नाहीं. शिवाय ही दया म्हणून द्यावयाची भीक नव्हे. जें बक्षीस दयेनें दिलें जातें तें घेणाऱ्याची मान खालीं घालतें. जें न्यायानें दिलें जातें तें ती वर करतें. म्हणूनच जुन्या लोकांनीं नियम केले होते.

तेव्हां ज्युबिलीच्या ह्या निधीविषयीं आमची नम्र सूचना अशी आहे. परीक्षेंत पहिल्या येणाऱ्याचें बक्षीस अवश्य असावें. त्याच्या जोडीस, आणि किंमतीनें त्याहून कमी नसलेलें, नेमाच्या उद्योगाचें एक बक्षीस असावें. आजारपणामुळें पडलेले खाडे त्यांत मोजूं नयेत. उत्तम वर्तणुकीचें एक बक्षीस वर्गसोबत्यांच्या मतानें द्यावें. धर्मशिक्षणाचें बक्षीस सर्वांत सुंदर असावें. निबंधाच्या स्पर्धेंत नांवाऐवजीं खूण असावी. जे जवळ आले त्यांचीं नांवें भरसभेंत वाचावीं. त्यास एक पैहि खर्च येत नाहीं. आणि प्रत्येक बक्षिसांत निदान एक तरी पुस्तक असावें. कारण चकचकीत करंडक कपाटांत काळवंडतो, पण बक्षिसाचें पुस्तक घरांतील धाकटीं भावंडेंहि वाचतात, आणि कित्येक घरांत पुस्तकांचा पहिला प्रवेश असाच झालेला आहे.

लेख संपविण्यापूर्वीं आमच्याच मातीतील एका विद्यार्थ्याचें स्मरण करणें उचित होईल. संत गोन्सालो गार्सिया हे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वसईस जन्मले व येथेंच येशूसंघाच्या फादरांपाशीं शिकले. लहान वयांतच ते त्यांच्याबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आशा होती; ती सफल झाली नाहीं. कांहीं काळ व्यापार करून ते मनिला येथें गेले आणि फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरु नव्हेत, केवळ बंधु. पुढें त्यांच्या भाषाज्ञानामुळें दुभाषी म्हणून ते पुनः जपानास गेले, आणि १५९७ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ तारखेस नागासाकी येथें आपल्या सोबत्यांसह क्रूसावर त्यांनीं प्राण अर्पण केला. बक्षिसांचे ते प्रसिद्ध नियम छापले जाण्यास तेव्हां अजून दोन वर्षें होतीं. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें. ज्याचें नांव त्यानें इच्छिलेल्या यादींत लागलें नाहीं, त्याचें नांव आज वेदीवर आहे.

पुढल्या वर्षीं आमच्या शाळेच्या पटांगणांत मांडव पडेल, टेबलावर बक्षिसें रचलीं जातील आणि नांवें वाचलीं जातील. त्या यादींत मागच्या बाकावरच्या एखाद्या नेमस्त मुलाचें किंवा मुलीचें नांव आलें, आणि पुढल्या रांगेंतील एखाद्या आईला यादी संपल्यावर टेबलाकडे पाहत बसावें लागलें नाहीं, तर ज्युबिलीच्या निधीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं. आमच्या ह्या धर्मग्रामावर, शाळेवर, गुरुजनांवर व सर्व बालकांवर परमेश्वराची कृपादृष्टि अखंड राहो, आणि जो मुगुट कधीं सुकत नाहीं त्याकडे आमची सर्वांची धांव असो!